चिप, विटी आणि हात बसणे

गोल्फमधल्या 'चिप' या फटक्याचे मराठीत वर्णन करायला बसले, की लेखणीतून पहिले वाक्य उतरते ते साधारण असे: 'ग्रीनच्या कडेला पडलेला चेंडू हळुवारपणे उचलून छिद्राजवळ टाकणे.' वाक्य व्याकरणशुद्ध आहे, कानालाही खटकत नाही. मात्र त्यावर विसंबून कोणी हा फटका शिकायला गेला, तर तो त्याला कधीच येणार नाही. चिपमध्ये चेंडू उचलायचा नसतो; उचलायला जाणे हीच नवशिक्याची मूळ चूक. वर्णन म्हणून जे वाक्य चालून जाते ते सूचना म्हणून घातक ठरते, आणि मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या तफावतीकडे पाहावे असे मला वाटते. फटका नीट समजल्याशिवाय मुद्दा कळणार नाही, म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

छिद्राभोवती गवत अगदी बारीक कातरून जो गुळगुळीत भाग राखलेला असतो त्याला ग्रीन म्हणतात. ('हिरवळ' हा शब्द इथे निरुपयोगी आहे, सारे मैदानच हिरवळ असते.) ग्रीनवर चेंडू नुसता घरंगळत नेतात, तो 'पट'. चेंडू ग्रीनपर्यंत न पोचता कडेच्या वाढलेल्या गवतात, छिद्रापासून दहा-वीस पावलांवर थांबला, की पट करता येत नाही, कारण गवत चेंडूची गती खाऊन टाकते. तेवढा गवताचा टप्पा चेंडूने हवेतून ओलांडायचा, ग्रीनवर पाऊलभर आत टेकायचे आणि उरलेले अंतर घरंगळत जायचे, ही झाली चिप. हवेत थोडे, जमिनीवर जास्त.

शिकवणारे जगभर साधारण एकच सांगतात. पाय जवळजवळ ठेवा. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापेक्षा किंचित मागे, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या पायाकडे. शरीराचा भार पुढच्या, डाव्या पायावर, आणि फटका पुरा होईपर्यंत तिथेच. हात चेंडूच्या जरा पुढे. मनगटे मोडायची नाहीत. खांदे आणि हात एकत्र झुलतात, जितके मागे गेले साधारण तितकेच पुढे येतात. क्लबचे पाते किंचित खाली उतरत असताना आधी चेंडूला लागते आणि मग गवताला घासते. एवढे झाले की चेंडू आपोआप वर येतो, कारण पाते मुळातच तिरके घडवलेले असते. पिचिंग वेज नावाच्या क्लबचे पाते उभ्या रेषेपासून साधारण ४५ ते ४८ अंश कललेले असते, सात नंबरच्या आयर्नचे ३० ते ३४ अंश. चेंडूला वर चढवण्याचे काम लोहाराने आधीच करून ठेवले आहे. खेळणाऱ्याने त्यात हात घालायचा नाही.

नवशिका नेमका तिथेच हात घालतो. चेंडू वर जायला हवा हे त्याला दिसत असते. म्हणून तो ऐन वेळी मनगटे फिरवतो, पळीने ताक काढावे तसे पाते चेंडूखाली घालू पाहतो आणि भार मागच्या पायावर टाकतो. मग पाते आधी जमिनीत रुतते आणि चेंडू हातभर सरकून थांबतो. किंवा पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि तो सरपटत ग्रीनच्या पार पलीकडे जातो. चेंडू वर जावा म्हणून खाली मारायचे, हे बुद्धीला पटायला मिनिट पुरते, हाताला पटायला महिने लागतात. शिक्षक 'उचलू नका' असे सांगून थकतात, कारण 'उचलू नका' या वाक्यातही 'उचलणे' आहेच.

आता प्रश्न असा, की हे मराठीत कसे सांगावे? इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिण्याला माझा विरोध नाही. चिपला चिपच म्हणावे. अडचण क्रियापदांची आहे. मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे: जे लिहिले ते न्हावऱ्यात कळले पाहिजे.

न्हावरे हे शिरूर तालुक्यातले गाव, शिरूर–चौफुला रस्त्यावरचे, पलीकडे दौंडची हद्द. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे अनेकांना ते नाव ऐकून ठाऊक असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शेजारचे इनामगाव ठाऊक असते, कारण डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची बरीच वर्षे तिथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. गोल्फशी या गावाचा काही संबंध नाही. जवळचे जुने मैदान म्हणजे पुण्यात येरवड्याचे, साठ-पासष्ट किलोमीटरवर. कसोटीसाठी मला हे गाव सोयीचे वाटते ते याचमुळे. चिपचे तंत्र इथल्या मराठीत मांडता आले तर ते उसन्या अनुभवावर उभे नाही असे म्हणता येईल.

आणि ते मांडता येते. न्हावऱ्यातल्या, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला विटीदांडू ठाऊक असतो. जमिनीत लांबट खळगी खणायची. तिला कुठे गल म्हणतात, कुठे गल्ली. विटी वीतभर किंवा त्याहून थोडी लहान, दोन्ही टोकांना निमुळती. डाव सुरू होतो तो कोलण्याने: विटी गलीवर आडवी ठेवायची, दांडूचे टोक तिच्याखाली घालायचे आणि ती पुढे भिरकावायची. समोरच्यांनी झेलली तर गडी बाद. झेलली नाही, आणि परत फेकताना गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूला लागलीही नाही, तर टोला मारायचा हक्क मिळतो. टोल्यासाठी जमिनीवर पडलेल्या विटीच्या निमुळत्या टोकावर दांडूने वरून टिचकी द्यायची. विटी टुणकन वर उडते, आणि हवेत असतानाच तिला टोलवायचे.

चिपचे सगळे कोडे या दोन हालचालींत आहे. कोलणे म्हणजे खालून उचलणे. टोकावर मारणे म्हणजे वरून खाली मारून वस्तूला वर उडू देणे. चिप शिकणारा नवशिका कोलत असतो. त्याने टोकावर मारायला हवे. विटी खेळलेल्या माणसाला हा भेद शब्दांत समजावून द्यावा लागत नाही, त्याच्या मनगटाला तो दहाव्या वर्षीच कळलेला असतो. ज्या पोराने टोकाखाली दांडू घालून विटी उचलायचा प्रयत्न केला त्याची विटी उडाली नाही आणि त्याचे हसे झाले. 'उचलू नको, टोकाव मार, आपोआप उडंल' एवढे सांगितले की न्हावऱ्यातल्या माणसाला चिपचे मर्म कळेल, गोल्फचे मैदान त्याने जन्मात पाहिलेले नसले तरी.

तुलना ताणू नये हेही खरे. विटी उडते ती तरफेच्या न्यायाने: तिचे टोक जमिनीपासून जरा अधांतरी असते, तिथे दाब पडला की ती उलटून उसळते. चेंडू उडतो तो पात्याच्या कलामुळे. विटीदांडूत उतार ज्याला मारायचे त्याच्या अंगी असतो, गोल्फमध्ये ज्याने मारायचे त्याच्या. पण हाताला द्यायची आज्ञा दोन्हीकडे एकच आहे, आणि शिकवताना महत्त्व त्या आज्ञेला आहे. उसाच्या फडातला एक दाखलाही देता येईल. ऊस जमिनीलगत तोडतात, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते. कोयता खाली उतरतो, पण आधी लागतो तो उसाला. मातीत वा दगडावर आपटला तर धार जाते. 'आधी चेंडू, मग जमीन' हे गोल्फचे सूत्र ऊसतोडणी कामगाराच्या हाताला नवे नाही. त्याला ते विचारायला मात्र कोणी जात नाही.

हे सारे स्मरणरंजन वाटेल म्हणून एक पुरावा देतो. मराठीत परका खेळ आणण्याचा एक प्रयोग पूर्वी झाला आहे आणि तो विलक्षण यशस्वी ठरला आहे: क्रिकेट. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठीतून समालोचन केले, वि. वि. करमरकर यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून मराठी क्रीडापत्रकारितेला स्वतंत्र घर मिळवून दिले, आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या कितीतरी अनाम बातमीदारांनी शब्द घासूनपुसून चलनात आणले. जे शब्द टिकले त्यांची कुळे पाहा. 'गोलंदाज' हा मुळात तोफखान्यातला, तोफ डागणारा. त्याच्याच वजनावर 'फळी'पासून 'फलंदाज' झाला, आणि फळी आली ती चेंडूफळीतून. 'पायचीत', 'धावचीत' यांतला 'चीत' हा कुस्तीच्या आखाड्यातला. 'झेल', 'टोला', 'गडी', 'डाव' हे तर विटीदांडूच्या आणि एकूणच मैदानी खेळांच्या घरचे. म्हणजे ज्यांना आपण आज क्रिकेटची मराठी म्हणतो ती बरीचशी आखाड्यातून, रणांगणातून आणि गल्लीतल्या धुळीतून उचललेली आहे. ('यष्टी'सारखा संस्कृत शब्दही रुळला, हे मान्य. पण तो एकटा सुटा चालत नाही, यष्टिरक्षकाचे बोट धरून चालतो.) ज्यांनी हे केले त्यांनी इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द शोधला असे म्हणणे अपुरे आहे. ती कृती आपल्याकडे कुठे घडते ते त्यांनी पाहिले आणि तिथला शब्द आणला.

विटीदांडूच्या शब्दांचे आणखी एक मोल भाषेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. या खेळाच्या एका प्रकारात वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी आहे, आणि प्रत्येक आकड्याला विटी शरीराच्या वेगळ्या भागावर ठेवून मारायची असते: पायाच्या चवड्यावर, मुठीवर, डोळ्यावर. तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु शेजारी ठेवले की या मोजणीचे नाते उघड होते. मराठी आणि द्राविडी भाषा यांच्या शेजाराबद्दल ग्रंथ झाले आहेत. पोरांच्या खेळात तो शेजार कोणी न शिकवता टिकून राहिला. खेळ संपला की ही मोजणीही जाणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शिलालेखांची आणि 'गाथासप्तशती'ची आठवण निघाली, ते योग्यच होते. वकट-लेंडची आठवण निघाल्याचे माझ्या वाचनात नाही.

असो. क्रियापदांकडे परत येतो, कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिथे आहे.

कौशल्याबद्दल बोलताना मराठी माणूस कर्त्याला बाजूला करतो. 'मी पोहू शकतो' हे अलीकडचे, इंग्रजीच्या छायेतले वाक्य. जुने वाक्य 'मला पोहता येते.' पोहणे माझ्याकडे येते. 'मला जमले', 'मला साधले', यांत मी चतुर्थीत उभा आहे आणि क्रिया आपली आपण घडते आहे. शिकण्याची प्रक्रिया सांगणारे वाक्प्रचार तर याहून बोलके आहेत: हात बसला, हात वळला, अंगवळणी पडले. यांत 'मी' नाहीच; बसणारा हात आहे. आता चिपचे तंत्र पुन्हा आठवा. चेंडू उडवायचा नसतो, तो उडतो. 'उडवणे' हे प्रयोजक आणि 'उडणे' हे अकर्मक, एवढ्याच फरकावर हा फटका तोलला आहे. 'तुम्ही चेंडू उडवा' असे ऐकलेला माणूस मनगट फिरवणार. 'चेंडू उडेल, तुम्ही टोला लागू द्या' असे ऐकलेला निदान थबकेल. 'मारणे' आणि 'लागणे' ही जोडीही तशीच. नेमबाज म्हणतो 'मी मारला', जुना खेळाडू म्हणतो 'चांगला लागला'.

भाषा बदलली की फटका सुधारतो असा माझा दावा नाही. तसे असते तर मराठी वैयाकरण उत्तम गोल्फ खेळले असते. पण शिकवणाऱ्याच्या तोंडून येणारे वाक्य शिकणाऱ्याच्या शरीरात जाते, हे तबला, पोहणे किंवा पोळी लाटणे शिकवणारा कोणीही सांगेल. आणि या वाक्यासाठी मराठीजवळ जे व्याकरण आयते आहे ते आपण भाषांतर करताना सोडून देतो. इंग्रजी सूचनेत दर वाक्याला 'तुम्ही' कर्ता असतो, म्हणून आपणही प्रत्येक वाक्यात त्याला कामाला लावतो.

इथे कोणी विचारील, की गोल्फ मराठीत कुणाला हवा आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मैदानावरच्या वर्गव्यवस्थेत आहे. अठरा छिद्रांच्या मैदानाला शे-सव्वाशे एकर जमीन आणि रोजचे पाणी लागते. घोड आणि भीमेच्या कालव्यांच्या पाण्यासाठी आवर्तनाची वाट पाहणाऱ्या शिरूर-दौंडच्या माणसाला हा खेळ उधळपट्टीचा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही (ऊसही काही कमी पाणी पीत नाही, हा भाग वेगळा). या खेळाचा प्रसार व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. पण जिथे तो आहे तिथे तो केवळ इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे असे मानणे चूक ठरेल. पिशवी वाहणारे कॅडी, गवत राखणारे माळी, सरावाचे चेंडू गोळा करणारी मुले यांचेही आयुष्य त्याच मैदानावर जाते, आणि त्यांतल्या अनेकांचा हात मालकांपेक्षा चांगला बसलेला असतो.

कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया हे याचे ठळक उदाहरण. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात त्यांचे वडील मैदान राखण्याचे काम करीत. मुलगा तिथेच बघत-बघत, कुणा शिक्षकाविना खेळ शिकला. २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला आणि रिओच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. लांब फटक्यांसाठी त्यांची ख्याती कधीच नव्हती. ग्रीनभोवतीच्या लहान फटक्यांसाठी होती. सोबतच्या खेळाडूंनी त्यांना नाव ठेवले 'चिपपटसिया': चिप, पट आणि आडनाव यांची मोट बांधून. शब्द घडवावा तर असा. कोणत्याही परिभाषा समितीला तो सुचला नसता.

मुंबईत चेंबूरचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९२७ मधल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्या शेजारच्या वस्तीत राहणारे कॅडी बांधकामाच्या लोखंडी सळया ठोकून-वाकवून क्लब बनवीत आणि गल्लीबोळांत प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळत. २०१०च्या आसपास देशी-परदेशी छायाचित्रकारांनी आणि पत्रकारांनी 'स्लम गोल्फ' या नावाने त्याची दखल घेतली. छायाचित्रे विरोधाभासाने भरलेली होती आणि विरोधाभासापाशीच थांबली. मला त्यांतली वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. दोन्ही बाजूंना पत्रे, मधे गटार आणि डोक्यावर वाळत घातलेले कपडे अशा बोळात लांब फटका शक्यच नाही. तिथला संपूर्ण गोल्फ म्हणजे लहान फटका: कोपऱ्यावरून अलगद, पायरीच्या अलीकडे टप्पा, तिथून घरंगळत. क्लबातला साहेब ज्या फटक्यासाठी शिकवणीचे पैसे भरतो तो फटका या मुलांना जागेच्या टंचाईने शिकवला. शिकताना एकमेकांना ती काय म्हणत असतील, 'उचल' की 'दाब' की 'सोड', हे कोणी टिपून ठेवलेले नाही. छायाचित्रांत आवाज नसतो.

मराठी साहित्याने या बाबतीत काय केले, हा प्रश्न आपल्या वाचकांना टाळता येणार नाही. खेळ आपल्या साहित्याला अपरिचित नाहीत. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, हमामा, विटूदांडू यांवर अभंग आहेत. पण संतकाव्यात खेळ आला की त्याचे रूपक होते: चेंडू म्हणजे जीव, डाव म्हणजे जन्म. त्या काव्याचे प्रयोजनच ते होते, तिथे दुसरे काही मागणे अरसिकपणाचे होईल. तक्रार आहे ती नंतरच्यांबद्दल. गद्य आले, शे-दीडशे वर्षे स्थिरावले, तरी कृती जशी आहे तशी सांगण्याला आपण वाङ्मयाचा दर्जा दिला नाही. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला, तो ग्रंथालयांच्या तळाच्या फळीवर आहे. मराठी गद्याच्या इतिहासात त्याला जागा नाही. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० पासून घराघरात आहे. वाटी आणि चमचा या मापांनी आणि '-आवे'च्या शांत विध्यर्थाने तिने कितीतरी हातांना वळण लावले. 'कणीक मळावी' यात आज्ञा आहे, पण दरडावणी नाही. कर्ता अध्याहृत आहे, म्हणून कोणीही तिथे उभे राहावे. शैलीविज्ञानाच्या तासाला हे गद्य कोणी फळ्यावर लिहिल्याचे मी तरी पाहिलेले नाही. तिकडे इंग्रजीत वुडहाउसने गोल्फवर कथांचे संग्रह लिहिले, अपडाइकने निबंध लिहिले, आणि चार्ल्स डार्विनचा नातू बर्नार्ड डार्विन तर आयुष्यभर गोल्फवरच लिहीत राहिला. त्यांच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेला त्यामुळे बाध आला नाही.

प्रश्न आता केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. २०२१ पासून अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके मराठीत आणण्याचे सरकारी प्रयत्न सुरू आहेत, आणि मराठी विभागांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे भाषांतर हा एक खराखुरा व्यवसाय म्हणून उभा आहे. लेथवर काम कसे धरावे, सांधा कसा जोडावा, सुई कशी टोचावी, हे त्यांना लिहावे लागणार आहे. नामांचे कोश त्यांच्या हाताशी असतील. शासनाच्या भाषा संचालनालयाने ते पुष्कळ काढले आहेत. क्रियापदांचे कोश नाहीत. ती क्रियापदे न्हावऱ्यासारख्या गावांत, फडात, वर्कशॉपात, स्वयंपाकघरात आहेत, आणि ती वापरणाऱ्यांचे वय वाढत चालले आहे. एम. ए.च्या भाषांतराच्या तासाला एखादी कविता कमी करून चिपसारखी एखादी लहान शारीरिक कृती द्यावी, दीडशे-दोनशे शब्दांत लिहायला सांगावी, आणि मग ते लिखाण तो व्यवहार करणाऱ्या माणसापुढे वाचून दाखवावे, अशी माझी सूचना आहे. उत्तरपत्रिका तपासण्याचा अधिकार त्या माणसाकडे.

दुसऱ्याला सुचवायचे तर आधी आपण करावे, म्हणून माझा मसुदा खाली देतो. विटीचा आधार घेतला आहे. चिप, ग्रीन, क्लब हे शब्द तसेच ठेवले आहेत.

'चेंडू ग्रीनच्या बाहेर, वावभर अंतरात असावा. चेंडूपासून छिद्रापर्यंतची वाट आधी पायांनी चालून पाहावी. उतार डोळ्यांपेक्षा तळव्यांना लवकर कळतो. ग्रीनवर कडेपासून पाऊलभर आत एक जागा मनाशी धरावी. चेंडू तिथे टेकायचा आहे, छिद्रापाशी नाही. पाय जवळ घ्यावेत, चेंडू मागच्या पायाकडे असू द्यावा, अंगाचा भार पुढच्या पायावर टाकून तिथेच राहू द्यावा. क्लब खालच्या बाजूला, आखूड धरावा. हात पात्याच्या पुढे असावेत आणि पुढेच राहावेत. आता कोलायचे नाही. विटीच्या टोकावर मारताना दांडू जसा खाली येतो तसे पाते खाली येऊ द्यावे. आधी चेंडूला लागेल, मग गवताला घासेल. मनगट मोडू नये. चेंडू आपला आपण उडेल, टेकेल आणि घरंगळेल. तो थांबेपर्यंत मान वर करू नये.'

यात 'वावभर'वर मी अडून आहे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर, साधारण चार हात. विहिरीची खोली मोजायला अजून वापरतात. गवताच्या टप्प्याला ते माप चपखल बसते असे मला वाटते, पण विशीतल्या वाचकाला ते कळेल की नाही याची शंका आहे. त्याला 'दोन पावले' म्हणावे, तर ग्रीनवरच्या 'पाऊलभर'शी गल्लत होते. कोणाकडे याहून बरा शब्द असेल तर हवा आहे.